जनावरांचे जिवाणू, माणसांची औषधे

गाय गवत खाते. ते पचवण्याचे काम तिच्या पोटातले जिवाणू करतात. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास चारा सतत आंबत असतो आणि त्यातल्या रसाच्या दर मिलिलिटरमध्ये दहा अब्जांच्या घरात जिवाणू असतात. गवतातले सेल्युलोज फोडणारी विकरे गाईच्या शरीरात तयारच होत नाहीत, ती या जिवाणूंकडे असतात. त्यांनी चाऱ्यातून तयार केलेल्या मेदाम्लांवर गाईची बहुतेक ऊर्जा भागते, आणि पुढच्या कप्प्यात वाहत गेलेले जिवाणू स्वतः पचून तिची प्रथिने होतात. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराला तोंडावाटे प्रतिजैविक देताना पशुवैद्य बिचकतात ते याचमुळे. आजाराचा जंतू मरेल तेव्हा मरेल, पचन मात्र आधी बंद पडते.

कोंबडीच्या पिल्लाची गोष्ट वेगळी आहे. ते अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे आतडे जवळपास रिकामे असते. खुडूक कोंबडीखाली उबलेल्या पिल्लाला आईच्या विष्ठेतून, पिसांतून आणि ती उकरते त्या मातीतून पहिल्या काही दिवसांतच जिवाणू मिळतात. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आई दिसतही नाही. हजारोंच्या संख्येने ते ताज्या तुसावर सोडले जाते आणि त्याच्या आतड्यात पहिल्यांदा कोण शिरणार, हे बरेचसे योगायोगावर ठरते. पुढे येणाऱ्या अनेक अडचणींचे आणि एका फार सुंदर उपायाचेही मूळ या रिकाम्या आतड्यात आहे.

जनावरांच्या अंगावर आणि आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूंपैकी बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगी असतात. काही मात्र दुतोंडी वागतात. ई. कोलाय आतड्यात गपगुमान राहतो आणि कासेत शिरला की तीव्र दाह निर्माण करतो. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीला सहसा काहीच करत नाही, पण अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या पोटात गेला तर जुलाब आणि ताप आणतो. साल्मोनेला, ब्रुसेला, लेप्टोस्पायरा यांना तर जनावर आणि माणूस असा भेदच नाही. गोठा, खाटीकखाना, शेणखत, ओढ्याचे पाणी आणि धार काढणारे हात या वाटांनी हे जिवाणू दोन्ही दिशांनी ये-जा करतात. त्यामुळे जनावरांवर वापरलेल्या औषधाचा परिणाम जनावरांपुरता राहत नाही.

प्रतिजैविके पशुखाद्यात शिरली ती आजार बरा करण्यासाठी नव्हे. १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड हे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या खाद्यासाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. त्याच कंपनीत ऑरिओमायसिन हे नवे टेट्रासायक्लिन तयार होत होते आणि ते बनवून झाल्यावर उरणारा बुरशीसदृश जिवाणूंचा चोथा फुकट मिळत होता. तो खाऊ घातलेली पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली, आणि ती वाढ ब-१२ च्या हिशेबात बसेना. चोथ्यात राहिलेला औषधाचा अंश हे तिचे कारण निघाले. १९५१ पर्यंत अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके खाद्यात मिसळायला परवानगी मिळाली होती. युद्धानंतरच्या काळात मांसाची मागणी वाढत होती, औषध स्वस्त होत होते, आणि टनामागे काही ग्रॅम पूड मिसळली की तेवढ्याच खाद्यात जनावराचे वजन अधिक भरत होते. अशा वेळी नाही म्हणणारा पशुपालक सापडणे कठीण होते.

हा परिणाम नेमका कशाने होतो, याचा एक बोलका पुरावा पुढे मिळाला. पूर्ण जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना तेच औषध दिले तर त्यांची वाढ मुळीच सुधारत नव्हती. म्हणजे औषध पिल्लाला वाढवत नव्हते. गर्दीच्या, अस्वच्छ शेडमधल्या जंतूंशी झगडण्यात पिल्लाची जी शक्ती खर्च होत होती ती वाचवत होते. स्वच्छता, मोकळी जागा, चांगले खाद्य आणि लस यांनी जे काम करायचे, ते काम पुडीतून होऊ लागले. पशुपालनातील प्रतिजैविकांचा सगळा इतिहास या अदलाबदलीचा इतिहास आहे, आणि आजचे पर्याय शोधताना हीच अदलाबदल उलट्या दिशेने करावी लागते.

कमी मात्रा, दीर्घ काळ आणि प्रचंड संख्या या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रतिरोध वाढायला आदर्श परिस्थिती तयार होते. औषधाला दाद न देणारे जिवाणू औषधामुळे जन्माला येतात असे नाही. ते आधीपासून असतात. कॅनडातील युकॉन भागात तीस हजार वर्षांपूर्वी गोठलेल्या मातीतही पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिनला तोंड देणारी जनुके सापडली आहेत, कारण बुरशी आणि मातीतले जिवाणू एकमेकांविरुद्ध अशी रसायने लाखो वर्षे वापरत आले आहेत. औषध एवढेच करते की बाकीच्यांना मारून या मूठभरांना जागा मोकळी करून देते. त्यांतले काही औषध तोडणारे विकर बनवतात, काही आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकतात, तर काही औषध जिथे चिकटते ती जागाच बदलून टाकतात.

याहून गंभीर शोध जपानमध्ये लागला. १९५० च्या दशकात तिथे आमांशाचे असे रुग्ण येऊ लागले की त्यांच्यातला शिगेला जिवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हता. एकेका औषधासाठी वेगळे उत्परिवर्तन व्हायचे तर इतक्या लवकर हे घडणे शक्य नव्हते. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की प्रतिरोधाची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही, थेट जातात. डीएनएचे एक छोटे कडे, ज्याला प्लाझ्मिड म्हणतात, दोन जिवाणू चिकटले असताना एकातून दुसऱ्यात उतरते, आणि त्या एका कड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. डुकराच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय स्वतः कोणाला आजारी पाडत नसला, तरी त्याने हे कडे माणसाच्या आतड्यातल्या एखाद्या रोगकारक जिवाणूला दिले तर परिणाम तोच होतो.

शेडमधला प्रतिरोध माणसापर्यंत येतो, हे जवळून दाखवणारा प्रयोग स्टुअर्ट लेव्ही यांनी बोस्टनजवळच्या एका कुटुंबाच्या शेतावर केला. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीनशे पिल्ले होती. काहींच्या खाद्यात कमी मात्रेत टेट्रासायक्लिन मिसळले, काहींच्या नाही. पिल्लांची, शेतावरच्या माणसांची आणि शेजाऱ्यांची विष्ठा दर आठवड्याला तपासली जात होती. आठवड्याभरात औषध खाणाऱ्या पिल्लांच्या आतड्यातले जवळपास सगळे जिवाणू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे झाले. माणसांमध्ये हा बदल सावकाश आला. पाच-सहा महिन्यांनंतर शेतावर राहणाऱ्यांच्या विष्ठेच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जिवाणू प्रतिरोधी होते. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हे प्रमाण ६.८ टक्के होते. शेतावरच्या माणसांनी टेट्रासायक्लिन घेतलेले नव्हते. खाद्यात एकच औषध असूनही काही जिवाणू दुसऱ्याही औषधांना दाद देईनासे झाले, कारण कड्यावरची जनुके एकगठ्ठा जातात. इतका स्वच्छ पुरावा हाती असताना अमेरिकेत वाढीसाठी औषध देणे बंद व्हायला २०१७ साल उजाडले, ही विज्ञानाची नव्हे तर निर्णय घेणाऱ्यांची दिरंगाई होती.

कोलिस्टिनची कथा भारताला जवळची आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सापडलेले हे औषध मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून माणसांसाठी जवळजवळ बाजूला पडले होते. पशुपालनात ते भरपूर वापरले जात राहिले. पुढे दवाखान्यांच्या अतिदक्षता विभागांत असे जिवाणू आले ज्यांवर दुसरे काहीच चालेना, आणि हे जुने औषध शेवटचा आधार म्हणून पुन्हा बाहेर काढावे लागले. कोलिस्टिनविरुद्धचा प्रतिरोध प्लाझ्मिडवरून पसरत नाही, अशी तोवर समजूत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचे जाहीर केले. कत्तलीसाठी आणलेल्या डुकरांतील तपासलेल्या ई. कोलायपैकी सुमारे २१ टक्के, कच्च्या मांसाच्या नमुन्यांपैकी सुमारे १५ टक्के आणि रुग्णांकडील नमुन्यांपैकी सुमारे १ टक्का, असे त्याचे प्रमाण होते. डुकरांकडून माणसाकडे उतरत जाणारे हे आकडेच वाटेची दिशा सांगतात. काही महिन्यांतच हे जनुक अनेक खंडांत सापडले. ते आधीच पोचलेले होते, कोणी शोधले नव्हते इतकेच. चीनने २०१७ मध्ये कोलिस्टिन खाद्यात मिसळण्यावर बंदी घातली. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि पशुखाद्यात त्याचा वापर बंद केला.

औषध थांबवले की प्रतिरोध कमी होतो का, हा पुढचा प्रश्न. कॅनडातील क्वेबेक प्रांताने त्याचे उत्तर नकळत दिले. तिथल्या उबवणी केंद्रांत अंड्यात किंवा नुकत्याच निघालेल्या पिल्लांत सेफ्टियोफर हे तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन सर्रास टोचले जाई. माणसांमध्ये या गटाच्या औषधांना दाद न देणारा साल्मोनेला वाढू लागल्यावर २००५ मध्ये केंद्रांनी स्वतःहून ते थांबवले. कोंबडीच्या मांसातला आणि रुग्णांतला प्रतिरोधी साल्मोनेला लगोलग घटला. २००७ मध्ये वापर अंशतः सुरू झाला आणि प्रतिरोधी साल्मोनेला पुन्हा वाढू लागला. चीनमध्येही बंदीनंतर एमसीआर-१ चे प्रमाण डुकरांत आणि माणसांत घसरले. प्रतिरोध बाळगणे जिवाणूला थोडे महागात पडते, म्हणून औषधाचा दाब हटला की असे जिवाणू मागे पडतात. ते नाहीसे मात्र होत नाहीत, आणि काही प्रतिरोध इतके स्वस्त असतात की दाब नसतानाही टिकून राहतात.

२०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांच्या दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत होणारा अविचारी वापर हे त्यामागचे मोठे कारण आहेच. सगळा दोष गोठ्यावर टाकणे चुकीचे ठरेल, पण गोठ्याला त्यातून वगळणेही तितकेच चुकीचे आहे.

वाढीसाठीची प्रतिजैविके सर्वांत आधी स्वीडनने थांबवली, १९८६ मध्ये. तिथे पहिली काही वर्षे जड गेली. आईपासून तोडलेल्या डुकरांच्या पिलांना जुलाब होऊ लागले आणि उपचारासाठी लागणारे औषध वाढले. मग पिले उशिरा तोडणे, गर्दी कमी करणे, पेंढ्याची जाड गादी देणे, एक खोली पूर्ण रिकामी करून धुऊन मगच नवा गट आणणे अशा गोष्टी कराव्या लागल्या आणि आकडे खाली आले. डेन्मार्कने १९९५ मध्ये अव्होपार्सिन हे वाढीसाठीचे प्रतिजैविक बंद केले, कारण त्याच्या वापरामुळे माणसांतील व्हँकोमायसिन या महत्त्वाच्या औषधाला न जुमानणारे जिवाणू कोंबड्यांत आणि डुकरांत वाढत होते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची सगळी प्रतिजैविके थांबवली. नेदरलँड्सला जाग आली ती २००४ मध्ये नाइमेखन शहरात एका सहा महिन्यांच्या मुलीच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीने. तिच्या अंगावर मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. त्या देशात हा जंतू दुर्मीळ होता. मुलीचे आईवडील डुकरे पाळत होते, आणि जंतू डुकरांकडचाच निघाला. पुढे त्या देशाने पशुपालनातील औषधाची विक्री २००९ च्या तुलनेत तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आणली.

या सगळ्यात नॉर्वेचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. १९८७ मध्ये तिथल्या सामन मत्स्यशेतीत सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. जिवाणूजन्य आजारांविरुद्ध तेलातली टोचायची लस आल्यावर १९९० च्या दशकात हा आकडा कोसळला. पुढे उत्पादन अनेक पटींनी वाढून दहा लाख टनांच्या पलीकडे गेले, तरी औषधाचा वार्षिक वापर एक टनाच्याही खाली राहिला आहे. प्रत्येक माशाला सुई टोचायची ही कल्पना प्रथम हास्यास्पद वाटली असेल. आज ते काम यंत्रे करतात.

लस हा प्रतिजैविकाला पर्याय म्हणून सहसा मोजला जात नाही, कारण ती आजारी जनावराला बरे करत नाही. पण न झालेल्या आजाराला औषध लागत नाही, आणि या हिशेबात लसीच्या जवळपास जाणारा दुसरा उपाय नाही. प्रयोगशाळेत दुबळ्या केलेल्या जंतूची पहिली लस पाश्चर यांनी १८७९ मध्ये शोधली तीही कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर. भारतात जनावरांच्या जंतूंचा शास्त्रीय अभ्यास पुण्यातच सुरू झाला. इम्पीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ही संस्था १८८९ मध्ये तिथे स्थापन झाली. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली आणि तीच पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घेण्याची रीत गावोगाव आहे. पहिल्या पावसात म्हशीचा गळा सुजला, ताप चढला, श्वास घरघरू लागला की बऱ्याचदा औषधाला वेळच मिळत नाही. लस घेतलेल्या गोठ्यावर ही वेळ क्वचित येते. लाळ्या-खुरकूत हा तर विषाणूचा आजार, त्यावर प्रतिजैविक चालतच नाही. तरी खुरातल्या आणि तोंडातल्या जखमांत जिवाणू शिरतात म्हणून साथीच्या दिवसांत इंजेक्शनांचा मारा होतो. त्यामुळे विषाणूविरुद्धची लसही जिवाणूंविरुद्धचे औषध वाचवते.

लसीआधीचा उपाय गाईकडेच असतो. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे वासराकडे जात नाहीत, म्हणून वासरू संसर्गापुढे उघडे जन्माला येते. त्याला संरक्षण मिळते ते चिकातून. जन्मानंतर साधारण चोवीस तासच वासराचे आतडे ही मोठी प्रथिने अखंड आत घेऊ शकते, आणि त्यातही पहिले चार-सहा तास सर्वांत मोलाचे असतात. पंचवीस-तीस किलोच्या वासराला तासाभरात पहिला चीक आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक मिळाला, तर पुढच्या महिन्यातली हगवण आणि न्यूमोनिया यांचे प्रमाण स्पष्ट घटते. वार पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही, ही गावाकडची समजूत याच्या थेट आड येते. वार पडायला कधी कधी आठ-दहा तास जातात, आणि तेवढ्यात आतड्याची दारे मिटत आलेली असतात. खरवसासाठी चीक घ्यायचा तर वासराचे पोट भरल्यावरच घ्यावा.

रिकाम्या आतड्याचा प्रश्न सोडवला फिनलंडच्या एस्को नुर्मी यांनी. १९७१ मध्ये तिथे कोंबड्यांमार्फत साल्मोनेलाची मोठी साथ पसरली होती. नुर्मी आणि त्यांचे सहकारी रांतला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज घेऊन तो एक-दोन दिवसांच्या पिल्लांना पाजला आणि मग त्यांना साल्मोनेला दिला. न पाजलेल्या पिल्लांत साल्मोनेला सहज स्थिरावला, पाजलेल्यांत त्याला थारा मिळाला नाही. १९७३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. चांगल्या जिवाणूंनी आतड्याच्या भिंतीवरच्या जागा आधीच घेतलेल्या असतात, अन्न वाटून घेतलेले असते आणि त्यांनी तयार केलेली आम्ले साल्मोनेलाला मानवत नाहीत. खुडूक कोंबडी जे काम आपसूक करते तेच हे. बाजारातली प्रोबायोटिक पूड याच विचाराची वारसदार आहे. फरक इतका, की तिच्यात एक-दोन किंवा चार जातींचे जिवाणू असतात आणि कोंबडीच्या आतड्यात शेकडो. परिणामही त्याच मानाने कमी आणि शेडनुसार बदलणारा दिसतो.

जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज किंवा नुसते फाज, प्रतिजैविकांहून जुने औषध आहेत. फेलिक्स डेरेल यांनी १९१७ मध्ये त्यांना हे नाव दिले आणि १९१९ मध्ये फ्रान्समधल्या खेड्यांत कोंबड्यांच्या विषमज्वरावर ते वापरून पाहिले. पुढच्या वर्षी इंडोचायनात त्यांनी म्हशींच्या घटसर्पावर फाज शोधले. महाराष्ट्रातल्या पशुपालकाला जो आजार आजही धडकी भरवतो, त्याच्याविरुद्ध हा उपाय शंभर वर्षांपूर्वी आजमावला गेला होता. पेनिसिलिन आले आणि फाजचा अभ्यास जॉर्जियातील तिब्लिसीसारख्या मोजक्या ठिकाणीच चालू राहिला. आता तो परतला आहे. अमेरिकेने २००६ मध्ये शिजवलेल्या मांसावर लिस्टेरियाविरुद्ध फाज फवारायला परवानगी दिली.

फाज नेमका आपलाच जिवाणू निवडतो, कोटीपोटातल्या किंवा आतड्यातल्या बाकीच्यांना धक्का लावत नाही, आणि जिवाणू असेपर्यंत स्वतःची संख्या वाढवत राहतो. हा नेमकेपणा त्याचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठी अडचणही आहे. एका शेडमधल्या साल्मोनेलावर चालणारा फाज शेजारच्या शेडमध्ये निरुपयोगी ठरू शकतो, म्हणून अनेक फाज मिसळावे लागतात आणि आधी जिवाणू ओळखावा लागतो. जिवाणू फाजलाही सरावतात. ज्या गावात दुधाचा नमुना तपासायला जवळ प्रयोगशाळा नाही, तिथे फाजचा प्रचार करण्याआधी ती प्रयोगशाळा उभी करणे अधिक गरजेचे आहे.

फाज जिवाणू फोडण्यासाठी जे विकर वापरतो ते वेगळे काढून वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. लायसोस्टॅफिन हे असेच स्टॅफिलोकॉकसची भिंत तोडणारे, पण दुसऱ्या जिवाणूकडून मिळणारे विकर. २००५ मध्ये अमेरिकेत जनुकबदल करून ते दुधातून स्रवणाऱ्या गाई तयार केल्या गेल्या आणि त्यांना त्या जंतूचा कासदाह सहसा होत नव्हता. गोठ्यांपर्यंत ही वाट पोचली नाही. नायसिन मात्र व्यवहारात आहे. विरजणाच्या कुळातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूचे हे प्रथिन खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी दीर्घकाळ वापरले जाते आणि सड पुसण्याच्या द्रावणांतही त्याचा उपयोग झाला आहे.

प्रत्येक पर्याय निर्धोक असतो असे समजू नये. पिलांच्या जुलाबावर युरोपात प्रतिजैविकाऐवजी जस्ताचे ऑक्साइड मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले. ते लागू पडत होते. पण ते शेणावाटे शेतात साठू लागले, आणि जस्त सहन करण्याचे जनुक काही स्टॅफिलोकॉकसमध्ये मेथिसिलिन-प्रतिरोधाच्या जनुकाशेजारीच बसलेले असल्याने जस्ताने प्रतिरोधी जंतूंनाच हात दिला. जून २०२२ पासून युरोपीय संघात हा वापर बंद झाला. वनस्पतिजन्य अर्कांबाबतही सावधगिरी हवी. ओव्यातले थायमॉल काचेच्या बशीत जिवाणू मारते यात शंका नाही. खाद्यातून दिल्यावर आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत ते पुरेसे पोचते का, हा वेगळा प्रश्न असतो.

हे सगळे उपाय एका आजारात एकत्र पाहायचे तर कासदाह घ्यावा. गोठ्यात त्याला दगडी म्हणतात, कारण सुजलेली कास हाताला दगडासारखी लागते. दुधाळ गाई-म्हशींवर वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा मोठा वाटा या एकाच आजारावर जातो. दुधात गाठी आणि पाणी दिसू लागले, सड लाल झाला, की ट्यूब सोडली जाते. पण दिसणाऱ्या एका दगडीमागे न दिसणाऱ्या अनेक असतात. त्या ओळखण्याची चाचणी स्वस्त आहे. चार वाट्या असलेल्या प्लास्टिकच्या पट्टीत चारही सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळे घ्यायचे, तेवढेच रंगीत द्रावण ओतायचे आणि पट्टी गोल फिरवायची. निरोगी सडाचे दूध पातळच राहते. दाह असलेल्या सडाच्या दुधातल्या पांढऱ्या पेशी द्रावणातल्या साबणाने फुटतात, त्यांचा डीएनए मोकळा होतो आणि वाटीत मिनिटाच्या आत बुळबुळीत जेली जमते.

अशी गाय वेळीच सापडली तर निम्मे काम औषधाविना होते. धार काढण्याआधी सड धुऊन प्रत्येक सडासाठी वेगळ्या कोरड्या कापडाने पुसणे, पहिल्या दोन-तीन धारा काळ्या भांड्यात काढून पाहणे, धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणे आणि गाईला लगेच वैरण टाकणे. वैरण यासाठी, की सडाचे तोंड पूर्ण मिटायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ गाय ओल्या शेणात बसू नये. आजारी गाईची धार शेवटी काढायची. आटवताना पूर्वी सरसकट प्रत्येक सडात प्रतिजैविक सोडले जाई. आता चाचणीत निरोगी ठरलेल्या सडात औषधाऐवजी बिस्मथचे जड मलम भरून तोंड बंद करण्याची पद्धत अनेक देशांत रुळली आहे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ पशुपालकांना कोरफडीचा एक लेपही शिकवते: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून, पाण्यात पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस कासेला लावायचा. दर वेळी कास धुणे आणि पिळून दूध काढून टाकणे हा या उपचाराचा भाग आहे, आणि त्याचे श्रेय केवळ लेपाला देणे योग्य नाही. सौम्य दाहात हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. ई. कोलायचा सौम्य कासदाह पुष्कळदा गाय स्वतःच परतवते. ताप चढलेली, वैरण सोडलेली, बसकण मारलेली गाय मात्र लेपावर ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिथे पशुवैद्य आणि प्रतिजैविक हवेच, आणि शक्य तिथे आधी दुधाचा नमुना घेऊन कोणते औषध लागू पडेल ते पाहून.

औषध दिल्यावर ठरलेले दिवस दूध विक्रीला घालायचे नसते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. दूध उकळल्याने जिवाणू मरतात, औषधाचा अंश बहुतांशी तसाच राहतो. अशा दुधाचे विरजण लागत नाही, म्हणून डेअऱ्यांना तो आधी पकडावा लागतो. डेअरीने नाकारलेले हे दूध फुकट जाऊ नये म्हणून पुष्कळ गोठ्यांत वासराला पाजले जाते. वासराच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती बसत असतानाच त्याला रोज थोडे थोडे प्रतिजैविक मिळते, आणि अशा वासरांच्या शेणात प्रतिरोधी ई. कोलाय अधिक सापडतात. उपचार चालू असलेल्या गाईच्या पायाला रंगीत पट्टी बांधावी, तिचे दूध वेगळ्या भांड्यात काढून टाकून द्यावे आणि वासराला दुसऱ्या गाईचे दूध पाजावे.